मयत नामे बडगे

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत होतो. हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. त्यामुळे "निखाडे विश्वनाथ तुमीच का? मानूस जाळायची धमकी देल्याचा अर्ज हाये तुमच्यावर. सोमवारी अकराले ठान्यात या," हे वाक्य माझ्याबरोबरच माझ्या बायकोनं, समोरच्या फ्लॅटच्या उघड्या दारानं आणि जिना चढणाऱ्या दूधवाल्यानं ऐकलं. मी चौतीस वर्षांच्या सवयीनं, "अर्जाचा आवक क्रमांक सांगता का?" असं विचारलं. तिकडून फोन ठेवला गेला.

जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली. एवढ्या काळात माझ्या नावानं एक साधं ज्ञापनसुद्धा निघालं नाही. आणि निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी माणसं जाळायला निघालो होतो.

ज्यांना मी जाळणार होतो ते मारोतराव ढोबळे, नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सावनेरकडच्या कोळसा खाणीत टाइमकीपर होते. वरच्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी साडेपाचला आम्ही दोघं गच्चीवर चहा पितो आणि जगाच्या चुका काढतो. आता तक्रारीचं मूळ सांगायचं तर बडग्या म्हणजे काय ते सांगावं लागेल. नागपूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे पाणी ओलं असतं हे सांगणं, पण बाहेरच्यांनी काय पाप केलं आहे? तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची, म्हणजे बाईच्या भल्यामोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत बडगे निघतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी जो काही त्रास असेल त्याचा बांबू-कागदाचा पुतळा. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत त्याला फिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. त्रास काही जात नाही, पण माणसाला बरं वाटतं.

यंदा आमच्या सोसायटीनं स्वतःचा बडग्या करायचा ठरवलं. त्रास उघड होता, फाटकासमोरच्या रस्त्यावरचे खड्डे. मी संयोजक झालो. झालो म्हणजे, मीच तसं पत्र काढलं, त्याला जावक क्रमांक दिला आणि फाटकावर चिकटवलं. कळमन्याच्या बाजारातून रिकामे बारदाने आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणलं. पुतळा सहा फुटी झाला, पण उघडा दिसत होता. तेव्हा मारोतराव पोळ्यासाठी गावी गेले होते. त्यांची बायको, शोभाताई, एक पिशवी घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "हे चालते का पाहा, भाऊजी."

पिशवीत पिस्ता रंगाचा सफारी होता. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. तो आम्ही पुतळ्याला घातला आणि तणस थोडं जास्त झाल्यामुळे पोट पुढे आलं. अंकुशनं, म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या प्लॉटच्या दलालानं, कोळशानं मिशा काढल्या. हे सगळं वेगवेगळं पाहिलं तर निरागस आहे. एकत्र पाहिलं तर मारोतराव आहेत. पण ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण आम्ही खड्ड्यांच्या विचारात होतो.

मारोतरावांनी गावी, बैलांच्या शेजारी बसून, सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ पाहिला. त्यात ऐंशी माणसं त्यांना घेऊन नाचत होती, मग त्यांच्या पोटातले फटाके फुटले, आणि मागून माझा आवाज आला, "आता सोसायटीची पीडा गेली." ते परत आले ते थेट ठाण्यातच गेले.

फोन आला त्याच संध्याकाळी शोभाताई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पदरानं डोळे पुसत त्यांनी सांगितलं की तो सफारी मारोतरावांच्या निवृत्तीच्या दिवसाचा. त्यात त्यांचा हारातला फोटो आहे, त्यात साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला होता. त्यानंतर सोळा वर्षं प्रत्येक लग्नाला, बारशाला आणि तेरवीला त्यांनी तोच घातला. शोभाताईंना वाटलं, बडग्यासोबत जळून गेला तर वाळत टाकला असताना हरवला असं सांगता येईल. व्हिडिओ निघेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"त्यायले समजलं का म्याच देला, तर ते तोंडानं काही म्हननार नाई," त्या म्हणाल्या. "मागं एक मफलर देला होता बोहारणीले, तर तेरा दिवस मुके होते. हा तर सफारी हाये. भाऊजी, माह्यं नाव नका सांगू."

मी शब्द दिला. आमच्या बायकोनं, प्रेमलतानं, माझ्याकडे असं पाहिलं की शब्द देणं सोपं असतं, सोमवारी ठाण्यात काय सांगणार ते बोला. माझ्या बचावात एकच कागद होता, आणि तो मी आत्ताच परत करून टाकला होता. खरं सांगितलं तर मी सुटणार आणि वरच्या मजल्यावरचं घर मुकं होणार. नाही सांगितलं तर मुद्दाम मारोतरावांचा पुतळा जाळणारा मी. त्या संध्याकाळी साडेपाचला मी गच्चीवर गेलो नाही. कप घेऊन बाल्कनीत बसलो, आणि चहा अगदीच बेचव लागला.

अंकुशनं सांगितलं, "काका, क्रिमिनल वकील पायजे तुमाले."

"क्रिमिनल कायले?" प्रेमलता म्हणाली. "एखादा चांगल्या घरचा पाहा ना."

अंकुशनं तिला फरक समजावून सांगितला, पण तिला तो शेवटपर्यंत पटला नाही. मग सोसायटीत सल्ल्यांचा पूर आला. एकानं सांगितलं, मोठा वकील केला तर पोलिसांना वाटतं यानं खरंच काहीतरी केलं असेल. दुसऱ्यानं सांगितलं, लहान वकील केला तर वकिलालाच वाटतं. समोरच्या कौसल्याबाईंच्या भाच्याला तीन खुनांतून सोडवणाऱ्या वकिलाचा नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला. भाच्यानं तीन खून केले होते का, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. तोच भाचा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येतो आणि आमचं वर्तमानपत्र वाचायला नेतो. आता मी ते परत मागत नाही.

मोबाइलवरही शोधलं. वकिलांना हल्ली हॉटेलांसारखे तारे मिळतात. एकाखाली लिहिलं होतं, "जामीन लवकर झाला, गाडी लावायला जागा आहे." दुसऱ्याखाली कोणीतरी मनापासून लिहिलं होतं, "दोनदा सुटलो. पुन्हा नक्की येईन." मी मोबाइल ठेवून दिला आणि शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून थेट जिल्हा न्यायालयात गेलो.

तिथे झाडाखाली, पत्र्याखाली, जिन्याखाली, जिथे म्हणून टेबल मावतं तिथे वकील होते. मी एका पोक्त चेहऱ्याच्या वकिलासमोर बसलो. "मॅटर काय?" त्यांनी विचारलं. मी सविस्तर सांगितलं. पिस्ता सफारीपर्यंत आलो तेव्हा त्यांचे खांदे हलू लागले. पोटातल्या फटाक्यांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं आणि मला पहिल्यापासून सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नऊ काळे कोट उभे होते आणि कोणीतरी सगळ्यांना चहा मागवला होता.

"काका, हे काही मॅटर हाये का?" ते डोळे पुसत म्हणाले. "सोमवारी जा, हात जोडा, घरी या. वकील कायले करता?"

बाहेरून पाहणाऱ्याला हा उत्तम सल्ला वाटेल. तोही फुकट. पण चौतीस वर्षं ज्यानं एकाही कागदाला क्षुल्लक मानलं नाही, त्याच्या आयुष्यातलं पहिलं फौजदारी प्रकरण चहाबरोबर संपावं, हे मला फार लागलं. मी चहा अर्धा ठेवून उठलो. मला माझं प्रकरण गांभीर्यानं घेणारा वकील हवा होता, आणि दुर्दैवानं तो मला मिळाला.

जिन्याच्या वळणावर एका कोऱ्या पाटीवर "ॲड. रणधीर भोसेकर, फौजदारी" असं लिहिलं होतं. पाटीचा रंग अजून चिकट होता. वकीलसाहेब कोल्हापूरकडचे, बायकोची बँकेत बदली झाली म्हणून दीड महिन्यापूर्वी नागपुरात आलेले. मी आत गेलो तेव्हा ते एकटेच बसून कायद्याच्या नव्या पुस्तकाला कव्हर घालत होते. मी त्यांचा नागपुरातला पहिला पक्षकार. ते उभे राहिले, मला खुर्ची दिली, दार लावलं. दार लावलं, तिथेच मी जिंकला गेलो.

आधीचे अनुभव लक्षात घेऊन मी या वेळी फापटपसारा टाळला आणि कार्यालयीन पद्धतीनं फक्त मुद्दे सांगितले. तिथेच घोळ झाला.

"कोणाला जाळलं?" त्यांनी विचारलं.

"बडग्याला."

"बडगे," ते लिहीत म्हणाले. "कशावरून?"

"खड्ड्यांवरून. सगळी वस्ती त्रासली होती."

त्यांनी "रस्ता कंत्राटदार" असं लिहिलं. मला ते उलटं दिसत होतं, पण वकिलांची टिपणं वेगळी असतात असं वाटून मी गप्प राहिलो.

"कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच. ऐंशी तरी माणसं होती. नंतर चिवडा वाटला."

पेन थांबलं. "पूर्ण जळाला?"

"पोटात फटाके भरले होते ना. दोन मिनिटांत झालं."

"तुम्ही भरलेत?"

"देखरेख माझी होती. मी संयोजक." हे सांगताना माझा आवाज जरा भरदार झाला असेल, नाकारत नाही.

"यापूर्वी असं कधी?"

"आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच. पण नागपुरात दर वर्षी जाळतात. यंदा दहा-पंधरा तरी जाळले असतील."

वकीलसाहेब पाणी प्यायले. म्हणाले, या शहराबद्दल थोडंफार ऐकलं होतं, पण मिसेसनी बदली घेताना चौकशी करायला हवी होती. मग त्यांनी तक्रारदाराबद्दल विचारलं. मी सांगितलं की मारोतरावांचा सफारी बडग्याच्या अंगावर होता, म्हणून सगळ्यांना तो मारोतरावच वाटला. "ओळखण्यात चूक," ते स्वतःशीच म्हणाले, "हे आपल्या बाजूचं आहे." सफारी त्याच्या अंगावर कसा आला, असं विचारल्यावर मी मान खाली घातली आणि एका बाईला शब्द दिला आहे, एवढंच बोललो. त्यांनी एक सुस्कारा सोडून "बाई" असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटी ते गंभीरपणे म्हणाले, "निखाडे, लपवत नाही. एकशे तीन लागणार."

मला हायसं वाटलं. इथे वाचकानं माझी अडचण समजून घ्यावी. तीनशे दोन म्हणजे खून, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण कायदा नवा झाला, कलमांचे आकडे बदलले, आणि खुनाचं कलम गुपचूप एकशे तीनवर जाऊन बसलं. हे मला कोणी कळवलं नव्हतं. अंकुशनं मोबाइलवर पाहून सांगितलं होतं की धमकीचं कलम तीनशे एक्कावन्न. तेव्हा एकशे तीन म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी. मी वकीलपत्रावर सही केली, तीसुद्धा लफ्फेदार. अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवतो आणि ठाण्यातून कागद मागवतो, असं ते म्हणाले. निघताना त्यांनी माझा खांदा दाबला आणि सांगितलं की घरी काही बोलू नका, नीट जेवा.

अर्थात मी घरी सगळं बोललो. जिन्यात जो भेटेल त्याला सांगितलं, "वकील असावा तर असा. पहिल्याच बैठकीत तीनशे एक्कावन्नवरून एकशे तीनवर आणलं." लोकांनी माना डोलावल्या. कौसल्याबाई म्हणाल्या की भाच्याच्या वकिलालाही एवढं जमलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी फाटकापाशी हेच चौथ्यांदा सांगत असताना अंकुशनं सहज एकशे तीन मोबाइलवर टाकलं. त्यानं एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि माझ्यापासून एक पाऊल मागे सरला.

"काका," तो म्हणाला, "तुमी त्या वकिलाले नेमकं काय सांगतलं?"

उत्तर द्यायच्या आत खड्ड्यांतून हेलकावे खात पोलिसांची जीप आली. झालं असं होतं की भोसेकरांनी शुक्रवारी संध्याकाळीच ठाण्यात फोन करून "बडगे जळीत प्रकरणाची" एफआयआरची प्रत मागितली होती. ठाण्यात अशी प्रत नव्हती. जाळलेला माणूस नव्हता, बडगे नव्हता, काहीच नव्हतं. पण वकील प्रत मागतो म्हणजे खून झालेला असणार, फक्त आपल्याला कळला नाही, या भीतीनं ठाण्यातल्या लोकांनी रात्रभर हरवलेल्या बडगे आडनावाच्या माणसांची यादी काढली. वर्ध्याचा एक बडगे सापडला, तो झोपेतून उठून मी जिवंत आहे म्हणाला.

जीपमधून उपनिरीक्षक उत्तरा गजभिये उतरल्या. "निखाडे कोन?" त्यांनी विचारलं. आजूबाजूचे सगळे एकदम बाजूला झाले, त्यामुळे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

"बॉडी कुठी हाये?"

"कोणाची?"

"बडगेची."

"मॅडम, बडग्याची राख झाली. मागच्या प्लॉटवर आहे. बांबूच्या काड्या राहिल्या असतील थोड्या."

"बांबूच्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं, फाटकावरच्या माझ्या जावक क्रमांकाच्या पत्राकडे पाहिलं, ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं आणि अंकुशच्या स्कूटरवर बसल्या. "मी महाल भागातली हाये," त्या म्हणाल्या, "लहानपनापासून बडग्याच्या मागं नाचली. आन् रातभर माहे चार शिपाई ज्याले शोधून राहिले तो बडग्या व्हय." मग उठून त्यांनी सांगितलं की आता सोमवारची वाट पाहायची नाही, दोन्ही पार्ट्यांनी आत्ताच ठाण्यात चलायचं.

जीपमध्ये मी आणि मारोतराव समोरासमोर बसलो. खड्डे आले की आमचे गुडघे एकमेकांवर आपटायचे आणि दोघंही माफी न मागता खिडकीबाहेर पाहायचो. ते वाळल्यासारखे वाटत होते. मला वाईट वाटलं. मला त्यांचा राग येत नव्हता, मला साडेपाचची आठवण येत होती. शोभाताई आणि प्रेमलता मागून रिक्षानं आल्या.

भोसेकर वकील आमच्याआधीच ठाण्यात पोचले होते. काळा कोट, हातात टाइप केलेला अर्ज. "माझ्या अशिलाला बोलण्याची सक्ती करता येणार नाही," असं ते दारातूनच म्हणाले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, "मयत नामे बडगे, व्यवसाय रस्ता कंत्राटदार." उत्तरा मॅडमनी त्यांना वाचू दिलं. सगळं वाचू दिलं. मग खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि शांतपणे बडग्या म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वकीलसाहेबांच्या हातातला अर्ज हळूहळू खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका दुखावलेला चेहरा मी तोपर्यंत फक्त आरशात पाहिला होता.

"म्हणजे कोणीच मेलं नाही?" ते म्हणाले.

"कोनीच नाई, सर," रोशन नावाचा शिपाई म्हणाला. त्याच्या बोलण्यात सांत्वन होतं.

मग मूळ अर्ज निघाला. मारोतराव खुर्चीच्या कडेवर बसून बोलले. पोट त्यांचं, मिशा त्यांच्या, हे ते माफ करायला तयार होते. "पन सफारी माहा होता, मॅडम. बाजारातला तसा दुसरा असता तर मी म्हनलं असतं, जाऊ द्या. माह्या निवृत्तीचा सफारी यायनं मुद्दाम आनला आन् जाळला. मानसाले आंगानं नाई जाळलं, मनानं जाळलं." शोभाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि साडीच्या काठाचा धागा ओढत होत्या.

"सफारी तुमच्याकडं आला कसा?" मॅडमनी मला विचारलं. "सरळ सांगा. कोनं देला असंन तर अर्ज इथंच निकाली काढते."

भोसेकर माझ्या कानाशी लागले. "खरं सांगा, निखाडे. आता खरं परवडतं."

मी मारोतरावांकडे पाहिलं. शोभाताईंकडे पाहायचं टाळलं. आणि मी म्हणालो, "चोरला."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. "मी तुम्हाला आत्ताच खुनातून सोडवलं आहे हो," ते अगदी हळू म्हणाले.

"चोरला?" मारोतराव म्हणाले. "काहून?"

खोटं बोलण्याची मला सवय नाही. सरकारी नोकरीत खोटं लिहितात, बोलावं लागत नाही. एक खोटं बोललं की दुसरं लगेच लागतं हे मला माहीत नव्हतं. "आवडला होता," मी म्हणालो. "पहिल्यापासून. तुम्ही तो घालून गच्चीवर यायचे तेव्हा मी पाहत राहायचो. तारेवर वाळत होता, राहवलं नाही."

"मंग जाळला काहून?"

उत्तरा मॅडमनी टेबलावर पुढे झुकून हाताची घडी घातली. हा प्रश्न त्यांनाही पडलेला दिसत होता. मी वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होते.

"बसला नाही," मी म्हणालो. "घरी दार लावून घालून पाहिला. पोटावर बटन लागेना. परत आणून टाकायची लाज वाटली, आणि दुसऱ्या कोणाच्या अंगावर तो पाहवला नसता. म्हणून जाळला."

सोळा वर्षांत मारोतरावांच्या त्या सफारीबद्दल कोणी बरं बोललं नव्हतं. लग्नांमध्ये पोरं हसायची, सुनेनं फोटोतून कापला होता, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"विश्वनाथभाऊ, एक डाव बोलले तर असते," ते म्हणाले. "मले मागायचा होता गा."

अर्ज मागे घेतल्याचा कागद रोशननं लिहिला. चोरीचं काय करायचं, असं त्यानं विचारलं तेव्हा मारोतराव त्याच्यावरच रागावले, आपसातला मामला आहे म्हणाले. उत्तरा मॅडमनी मला बाजूला घेऊन फक्त एवढंच सांगितलं की काका, तुम्ही वकील चुकीचा केला असेल, पण साक्ष चांगली देता. भोसेकरांना मारोतराव स्वतः हात धरून आमच्याबरोबर चहाला घेऊन गेले. वकीलसाहेबांनी दोन कप चहा घेतला आणि मला विचारलं की या शहरात आणखी कोणते पुतळे जाळतात, त्याची यादी मिळेल का. मी ती दुसऱ्या दिवशी टाइप करून पाठवली.

त्या दिवशी साडेपाचला आम्ही गच्चीवर होतो. मी खूश होतो, हे उघड सांगतो. एक खोटं बोलून एक घर आणि एक कप चहा वाचवला होता, एवढं पुण्य चौतीस वर्षांच्या नोकरीत मला जमलं नव्हतं. तेवढ्यात मारोतराव खाली गेले आणि खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन आले. पिस्ता रंगाचा. सोळा वर्षांपूर्वी एक दुकान बंद होत होतं तेव्हा त्यांनी अख्खं थान घेतलं होतं आणि दिवाणाच्या तळाशी ठेवून दिलं होतं. शोभाताईंना त्याचा पत्ता नव्हता. "तुमच्या मापाचा शिवू," ते म्हणाले, "पोटाशी ढिला." आणि शिंप्याकडे जातोच आहोत तर स्वतःसाठीही एक टाकू, जुना तर गेला.

शिंप्यानं गणपती उठायच्या आधी दोन्ही दिले. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. विसर्जनाच्या दिवशी मारोतराव मला घ्यायला आले आणि आम्ही दोघं पिस्ता रंगात, त्यांचा हात माझ्या खांद्यावर, जिना उतरून आरतीला आलो. ढोल एक क्षण थांबले. प्रेमलता गर्दीत कुठेतरी नाहीशी झाली. शोभाताई तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव गुलाल आणायला पुढे गेल्यावर त्या माझ्या जवळ आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "घरातून म्या एक काढला होता. तुमी दोन करून आनले."

तेव्हापासून शोभाताई माझ्याशी बोलत नाहीत. आज चौदावा दिवस आहे.